सोबत कोण आलं आहे?

१२ जानेवारी

ताई,

आधीच्या दोन पत्रांची पोच नाही. तू ती वाचली नसशील, किंवा वाचून बाजूला ठेवली असशील. तरी लिहिते. इथे दिवसभर दुसऱ्या भाषेत बोलायचं असतं, आपापसातसुद्धा. संध्याकाळ झाली की आपली भाषा तोंडात नुसती पडून आहे असं वाटतं. मग कागद घेऊन बसते.

मी बरी आहे. जेवण वेळेवर मिळतं. आमचा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. खाली यंत्र सुरू झालं की वरचं टेबल थरथरतं, पेल्यातलं पाणीसुद्धा. त्या तालावर आम्ही शब्द पाठ करतो. यंत्र बंद पडलं की सुताराला काही आठवत नाही. सुतार म्हणजे आमच्यातला एक, आम्ही जाणार त्या देशातल्या मुलांना सुतारकाम शिकवायला जाणार आहे. दुसरे डोळ्यांचे डॉक्टर. तिसरी मी. मिशनने या वर्षी आम्हा तिघांनाच घेतलं.

माझं काम तुला माहीत आहे. पाय गेलेल्या माणसांना कृत्रिम पाय बसवायचे. आईच्या मातीच्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "परक्यांना पाय बसवायला निघालीस, आईला उठवून बसवायला कोण होतं?" ते वाक्य इथेही माझ्याबरोबर आलं आहे.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई त्याच देशातल्या. लग्न होऊन इकडे आल्या, पुढे नवरा गेला आणि त्या राहिल्या. अंगाने अगदी बारीक, खांद्यावर सदा करडी शाल. जिना चढून आल्या की दाराबाहेर जरा थांबतात आणि मगच आत येतात. आम्ही त्याला शिस्त समजतो. पहिले काही आठवडे त्यांनी आम्हाला तोंड उघडू दिलं नाही. त्या एकेक वस्तू टेबलावर ठेवायच्या, बोलायच्या, आम्ही ऐकायचं. पेला. पाणी. दगड. हात. डॉक्टर कंटाळून गेले. मी कंटाळले नाही. तुला माहीत आहे, न बोलण्याचा मला कधी त्रास झाला नाही.

आणि मग परवा एक झालं. बाई खिडकीशी उभ्या राहून खालच्या रस्त्याकडे बघत काहीतरी बोलत होत्या. आम्हाला शिकवत नव्हत्या, आपल्याशीच बोलत होत्या. आणि मला ते कळलं. मनात आपल्या भाषेत न फिरवता, सरळ कळलं. एका बाईची पिशवी फाटली आहे आणि तिला ते माहीत नाही, असं त्या म्हणत होत्या. एवढंच. पण जिथे भिंत आहे असं वाटत होतं तिथे दार होतं, आणि ते उघडंच होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या भाषेत प्रार्थना केली. शब्द लहान मुलासारखे होते. देवाने ते ऐकले असं मला वाटलं. ती भाषा तो किती दिवस ऐकत आलाय, आणि मला पत्ताही नव्हता.

हे कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून तुला.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

भावोजींचा खोकला गेला का? पोरींना माझी आठवण सांग.

आता आमची शेवटची परीक्षा जवळ आली आहे. ती पास झाल्याशिवाय मिशन कुणालाही पाठवत नाही. मला वाटलं होतं लेखी असेल. तसं नाही. बाईंनी आज ती समजावून सांगितली आणि तेव्हापासून माझं लक्ष कशात लागत नाही.

त्या देशात कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की घरवाले तुमच्या शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवतात आणि विचारतात, सोबत कोण आलं आहे? तेव्हा आपल्या गेलेल्या माणसांपैकी एकाबद्दल सांगायचं. नाव, गाव, नातं सांगून भागत नाही. ऐकणाऱ्याला ते माणूस त्या खुर्चीवर बसलेलं दिसलं पाहिजे. दिसलं की घरातलं कुणीतरी उठतं आणि ती खुर्ची आत, माणसांच्या मध्ये नेऊन ठेवतं. मग पाहुणा घरचा.

डॉक्टर म्हणाले, "आणि मी एकटाच आलो असं सांगितलं तर?"

बाई म्हणाल्या, "पाणी देतील. चांगलं बोलतील. पण दुखणं दाखवणार नाहीत. एकट्या माणसाचा काय भरवसा?"

"डोळे तपासायला आजोबा कशाला लागतात?"

"डोळे तुम्ही तपासाल हो. पण आधी तुमच्यासमोर ते उघडले पाहिजेत ना," बाई म्हणाल्या. सुतार इतका हसला की यंत्राचा आवाज ऐकू येईना.

मी हसले नाही. माझ्या कामात तर माणसाला आपला तुटका पाय उघडा करून दाखवायचा असतो. घरच्यांनाही न दाखवलेला. ताई, पाय बसवण्याचं काम मी शिकले आहे, त्यात मला भीती नाही. पण मला आईबद्दल सांगावं लागणार, आणि मी आज दुपारभर बसून पाहिलं, मला सांगताच येत नाही. या भाषेतही नाही आणि आपल्या भाषेतही नाही.

माझा जन्म झाला तेव्हा आईने इस्पितळाच्या धुलाईघरातली नोकरी सोडली होती. तू शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायचीस, मी ते ऐकूनच आहे. मला आठवते ती घरातली आई. मग मी वसतिगृहात गेले. मग आजारी आई. तिच्याबद्दलचं बहुतेक सगळं तुझ्याकडे आहे. थोडं लिहून पाठवशील का? दोन ओळी चालतील. तिचे हात काय करायचे, असं काहीतरी. बाई म्हणतात, माणूस हातांनी दिसतं.

आई गेली त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा एक गोष्ट घडली होती. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. आत्ता तुलाही नको.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

परीक्षा झाली. ठीक झाली. डॉक्टर आणि सुतार दोघेही पास झाले.

इथे आता उकडायला लागलं आहे. छापखान्यातले लोक दुपारी दारात बसून जेवतात. तू तब्येतीला जप.

तुझी धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "ती होती तेव्हा तिलाच विचारायचं होतंस." एवढीच ओळ. तरी तुझं अक्षर बघून बरं वाटलं. कार्ड मी टेबलावर उभं करून ठेवलं आहे.

परीक्षा ठीक झाली असं लिहिलं होतं. ते खरं नाही. मी नापास झाले.

परीक्षा घ्यायला त्या देशातले एक गृहस्थ आले होते. दुसऱ्या शहरात बस चालवतात, या कामासाठी मिशन त्यांना दर वर्षी बोलावतं. पण एरवी ते तिकडच्या डोंगराळ भागात जाणाऱ्यांची परीक्षा घेतात, त्यांचा वर्ग वेगळा. बाईंचे विद्यार्थी त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. आधी डॉक्टर बोलले. बसवाले काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. मग सुतार बोलायला लागला तेव्हा त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मी सुरुवात केली आणि त्यांना हसू आवरेना. टेबलावर डोकं ठेवून हसले.

तुला ऐकून गंमत वाटेल. बाई बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक छोटा श्वास आत घेतात, दचकल्यासारखा. आम्ही तिघांनीही तो मनापासून शिकलो होतो. डॉक्टर तर खोलीत आरशासमोर त्याचा सराव करायचे. सुताराने मला एकदा बजावलंही होतं, "तुझा श्वास कमी पडतो, वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही." तो भाषेचा भाग नव्हताच. बाईंना दमा आहे. औषधाचा पंप त्या दाराबाहेरच तोंडाने ओढून घेतात आणि पर्समध्ये खाली दडवतात.

"तिघांनाही दमा लावून ठेवलात की हो!" काका म्हणाले.

बाई मान खाली घालून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, कळत नाही कुणाला."

काकांचं हसणं तिथेच थांबलं. ते उठले, बाईंच्या खांद्यावरची घसरलेली शाल त्यांनी नीट केली आणि आम्हाला म्हणाले, "हा श्वास मोडू नका. तिकडे कुणी ऐकलं तर कळेल, यांना कुणीतरी जीव लावून शिकवलंय." त्यावर डॉक्टरांनी लगेच एक मोठा श्वास घेतला आणि मग सगळेच हसले, बाईसुद्धा.

मग खुर्ची ठेवली. सुताराने आजोबांबद्दल सांगितलं, ते रंधा मारताना कसे कानाने ऐकायचे. डॉक्टरांनी पाठ केलेलं सगळं सोडून दिलं आणि बालपणी बुडालेल्या भावाबद्दल बोलले. मला त्यांच्याबद्दल हे माहीतच नव्हतं. काकांनी दोन्ही वेळा उठून खुर्ची आत नेली.

माझी पाळी आली. मी सांगितलं, माझी आई चांगली होती. कष्टाळू होती. देवभीरू होती. फार सोसलं तिने. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मुली, तू एकही चूक केली नाहीस. पण खुर्चीवर मला कुणी दिसत नाही. ही कुणाचीही आई आहे."

ताई, तू बोललीस ते मला इतकं लागलं नव्हतं.

त्यांनी मला आणखी एक संधी दिली आहे. ते पुन्हा या बाजूला येणार आहेत, तेव्हा. त्या वेळीही जमलं नाही तर माझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

त्या दिवशी घडलेली ती गोष्ट आता सांगते. तू मला वेडी म्हणशील. मी पोचले तेव्हा आईला जाऊन बराच वेळ झाला होता. तू दारात उभी होतीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी आत गेले, आईच्या अंगावर पांढरी चादर होती, तिच्यावर हात ठेवला. चादर गरम होती. अंगात ताप असताना लागते तशी. मी हात काढून पुन्हा ठेवला. गरमच. खाली तिचा हात धरला तर तो थंड. पण चादर गरम होती.

मला तेव्हा वाटलं, आई माझी वाट बघत थांबली होती. माझं जाणं आधी नक्की नव्हतं, मी मिशनला नाही म्हणून कळवणार होते. त्या चादरीवर हात ठेवला आणि वाटलं, तिने जा म्हणून सांगितलं. देवानेच तसं घडवलं. त्या एका गोष्टीवर मी इथवर आले आहे. परीक्षेत ती माझ्या ओठांवर आली होती. पण तिच्यात आईच्या हातांनी काही केलेलं नव्हतं, म्हणून बोलले नाही.

ताई, आता तूच काही सांगितलंस तर.

धाकटी


८ मार्च

ताई,

भावोजींवर रागावू नकोस. काल त्यांचा फोन आला होता. तुला न सांगता केला असं म्हणाले, पण मागे तुझ्या बांगड्या वाजत होत्या, म्हणून तुला माहीत असेल असं धरून लिहिते.

आधी नेहमीसारखं, "काय मेहुणीबाई, ख्रिस्ताचे पाय धरता धरता लोकांचे पाय धरायची वेळ आली की काय?" मग म्हणाले, "तुझी ताई पत्रं वाचत नाही हं. नुसती उघडते, डोळ्यांसमोर धरते, आणि मग तळहाताने सपाट करून घडी घालून कपाटात ठेवते. वाचत मात्र नाही."

मी विचारलं, "कशी आहे ती?"

"कशी असणार? भांडायला आई नाही, तू नाही, सगळं माझ्याच वाट्याला. या पत्रानंतर मात्र दोन दिवस गप्प आहे. 'चादर' एवढाच शब्द बोलली. काय लिहिलंस तू?"

मी सांगितलं. भावोजी अगदी सहज म्हणाले, "अगं, ती इस्त्रीची होती. तुझ्या ताईने केलेली."

मला कळलं नाही. ते सांगत राहिले. म्हणाले, तुझ्या आईचीच ती पद्धत. इस्पितळात कुणी गेलं की अंगावर घालायची चादर खाली धुलाईघरातून जायची. ती तुझी आई दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. स्वतः इस्त्री करायची, गालाला लावून बघायची, आणि गरम असतानाच वर पाठवायची. कुणीतरी विचारलं होतं, मेलेल्या माणसाला गार काय आणि गरम काय? तर म्हणाली होती, त्याला नाही. घरचं माणूस येईल, हात लावेल, त्याला गार लागायला नको. "तुझी ताई तेव्हा एवढीशी होती, तिथल्या गाठोड्यांवर बसून गृहपाठ करायची. मला हे लग्न झाल्यावर तिनेच सांगितलं."

मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी तिने चादर केली आणि घातली. ते झालं. तू येणार म्हणून फोन आला, स्टेशनवर उतरल्याचा. तशी ही उठली, चादर काढली, पुन्हा इस्त्री तापत ठेवली. मी म्हटलं, अगं आता कशाला, एकदा झालंय ना? तर माझ्यावर खेकसली, गार झाली आहे, धाकटी यायचीय."

मी फोन हातात धरून उभी राहिले. खाली यंत्र चालू होतं. भावोजी दोनदा हॅलो म्हणाले.

ताई, तू दारात उभी होतीस. तोंड फिरवून. तेव्हा तुझ्या अंगाला इस्त्रीचा वास येत होता, मला आता आठवतो. मला तो त्या घराचा वास वाटला होता.

इतके दिवस मी मानत होते की तो चमत्कार होता. मिशनमधल्या माणसाने असं मानलं तर नवल नाही, आम्ही अशाच गोष्टी शोधत असतो. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली की आता माझ्याजवळ काही उरणार नाही. मी खोलीत जाऊन बसले आणि वाट बघितली, कधी ते कोसळेल. कोसळलं नाही. उलट मला गुडघ्यावर बसावंसं वाटलं. माझ्यावर इतकी चिडलेली बाई, मला गार लागू नये म्हणून इस्त्री तापवते. यापेक्षा मोठं मी काय मागत होते, मलाच ठाऊक नाही.

आई जा म्हणाली असं मी समजले होते. ते तिने म्हटलेलं नव्हतं. मग जाऊ की नको, हे आता मला तुला विचारायला हवं. विचारते आहे.

धाकटी


२१ मार्च

ताई,

उत्तराची वाट बघत होते. आलं नाही. आज परीक्षा दिली.

बसवाले काका आले, बाई खिडकीशी बसल्या. टेबलावर मिशनमधल्या कुणीतरी धुतलेलं टेबलक्लॉथ घातलं होतं, त्याला घड्या पडलेल्या होत्या. माझ्याशेजारी खुर्ची ठेवली. काकांनी विचारलं, सोबत कोण आलं आहे?

मी बोलायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पाठ केलेलं सगळं गेलं. यंत्रही बंद होतं, जेवणाची सुट्टी. मी तशीच बसले. काका माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते टेबलाकडे बघत होते.

मग ते म्हणाले, "तो हात कुणाचा आहे?"

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात टेबलावरच्या कापडावर फिरत होता. तळहात सपाट, मधून कडेकडे, मग उचलून पुन्हा मधून. घड्या मोडत होता. मी तो फिरवत नव्हते, ताई. तो फिरत होता. मागच्या वेळीही फिरत होता म्हणे, बाईंनी नंतर सांगितलं. कापडच नव्हतं त्या वेळी, नुसत्या लाकडावर.

अंथरुणाला खिळल्यावरही आई अंगावरचं पांघरूण असंच सारखं करायची, आठवतं? बोट वळत नव्हतं तरी. आणि भावोजी म्हणाले, तू माझी पत्रं तळहाताने सपाट करतेस.

मग मी बोलले. मोठ्या वाफेच्या खोलीत उभी असलेली बाई. कापडावर आधी हात, मग इस्त्री, कारण हाताला जे कळतं ते इस्त्रीला कळत नाही. शेवटची चादर. ती गालाला लावून बघणं. मला जे माहीत होतं ते थोडंच होतं, भावोजींनी फोनवर सांगितलं तेवढं. शब्द कमी पडले तिथे हात दाखवला. वाक्याच्या शेवटी श्वास येत होता, तो मी मोडला नाही. शेवटी मी म्हणाले, "यापुढचं मला माहीत नाही. ते माझ्या बहिणीकडे आहे. आईने ते तिच्या हातात दिलं, माझ्याकडे नुसतं वळण आलं."

काका उठले. खुर्ची उचलण्याआधी त्यांनी तिच्यावर कुणी बसलेलं असावं तशी मान लववली. मग ती दोन्ही हातांनी, अगदी हळू, जड असल्यासारखी उचलली आणि आत नेऊन ठेवली. बाई रडत होत्या. मी खुर्चीकडे बघितलं. ताई, मला दिसली म्हणत नाही. पण ती खुर्ची रिकामी नव्हती. मातीच्या दिवसापासून मी रडले नव्हते. तिथे रडले, आणि मोठ्याने. रडले ते त्या भाषेत की आपल्या, ते मला आठवत नाही.

सुतार दारातून डोकावत होता. म्हणाला, "श्वास आता बरोबर पुरतोय बरं का."

मी पास झाले. परवा निघायचं आहे. तुझं उत्तर आलं नाही तर मी काय समजावं, ते मला कळत नाही. इतकी वर्षं तुझं न बोलणं वाचत आले, हे मात्र वाचता येत नाही.

धाकटी


२२ मार्च

ताई,

पार्सल आज पोचलं. आत चिठ्ठी नाही. चादर आहे, पांढरी, आईच्या पद्धतीने चार कोपरे जुळवून घातलेली घडी, इतकी कडक की कागद वाटावा.

मी ती गालाला लावून बघितली. गार होती. होणारच, इतक्या लांबून आली. पण तू पाठवण्याआधी गालाला लावून बघितली असणार, हे मला डोळे मिटून दिसतं.

उत्तर मिळालं. निघते.

धाकटी


१७ मे

ताई,

पोचून बरेच दिवस झाले. दवाखाना टेकडीवर आहे, खाली गाव. पायऱ्यांनी चढून यावं लागतं आणि पाय नसलेल्या माणसांचा दवाखाना टेकडीवर का बांधला, हे मी इथे प्रत्येकाला विचारून झालं. जागा फुकट मिळाली म्हणतात. कामाचं साहित्य येईपर्यंत मी घराघरांत जाऊन लोकांना भेटते आहे.

पहिल्या घरात एक म्हातारी होती, तिच्या नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली गेलेला. तिने माझं बोलणं ऐकलं आणि आधी विचारलं, "तुम्हाला दमा आहे का?" मी म्हटलं, माझा नाही, माझ्या बाईंचा आहे. ती लगेच समजली. इथे हे समजवावं लागत नाही.

मग तिने खुर्ची ठेवली आणि विचारलं. मी आईबद्दल सांगितलं, तू दोनदा तापवलेल्या चादरीचंही. माझ्याजवळ तुझी चादर होती, तपासताना अंथरायला मी ती बरोबर ठेवते. ती बाकावर अंथरली आणि हाताने सपाट केली. म्हातारी माझ्या हाताकडे बघत राहिली. म्हाताऱ्याने विजार वर केली आणि पाय त्या चादरीवर ठेवला. म्हातारीने हळूच मला सांगितलं, अपघातानंतर तिनेसुद्धा तो आज पहिल्यांदा उजेडात बघितला.

मी बराच वेळ हात लावला नाही. देवळात शिरल्यावर थांबतो तसं वाटलं.

मी निघताना तिने आईची खुर्ची आत नेली. मग दुसरी एक खुर्ची आणली आणि माझ्या शेजारी ठेवली. मी म्हटलं, मी एकीबद्दलच सांगितलं. ती म्हणाली, "आणि ज्या बहिणीने चादर दुसऱ्यांदा गरम केली ती?"

मी म्हटलं, "ती जिवंत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मेलेल्यांना खुर्ची ठेवली की ते येतात. जिवंत माणसाला बोलवावं लागतं."

ती खुर्ची तिने अजून हलवलेली नाही. मी दर आठवड्याला जाते, बघते. पोरींना सुट्ट्या लागल्या की भावोजींनाही घेऊन ये. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण मध्ये बसायला जागा आहे.

बोलावते आहे, ताई.

तुझी धाकटी